वाराचा पाट

दया हा शब्द आपण फार सैलपणें वापरतों. एखाद्याची कर्मकहाणी ऐकून डोळ्यांत पाणी आलें, कीं आपल्या अंतःकरणांत दया आहे अशी आपली खात्री पटते. तें पाणी खोटें नसतें; पण तें सुकावयास फारसा वेळही लागत नाहीं. ज्या दयेच्या आधारावर कोणाचें तरी आयुष्य खरोखर उभें राहिलें, ती दया बहुधा फार साध्या वेषांत आलेली आढळते. ठरल्या दिवशीं, ठरल्या वेळीं, ठरल्या पाटापुढें वाढलेलें ताट, एवढेंच तिचें रूप असतें. तिची वर्तमानपत्रांत बातमी होत नाहीं, आणि पुष्कळदां वाढणारीलाही आपण कांहीं विशेष करीत आहों असें वाटत नाहीं.

महाराष्ट्रांत अशा दयेला एक घरगुती नांव होतें. तें नांव म्हणजे ‘वार’. ज्या घरांत आजोबा-आजी आहेत, त्या घरांत हा शब्द अजून कानांवर येतो. ‘अमक्यांनीं वार लावून शिक्षण केलें’ असें वाक्य जुन्या माणसांच्या तोंडीं हटकून असतें. परंतु त्या चार शब्दांत कोणाकोणाची किती चिकाटी सांठलेली होती, याचा विचार आपण क्वचितच करतों. तो करावा, आणि त्यांतून आजच्या घरांना कांहीं घेण्यासारखें आहे काय तें पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

सात दिवस, सात घरें

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कोंकणांतून व देशावरच्या लहान गांवांतून मुलें इंग्रजी शिक्षणासाठीं पुणें, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी अशा ठिकाणीं येत. गांवीं मराठी शाळेच्या पुढें सोय नसे. फीचे पैसे कसेबसे जमत. राहावयास एखाद्या देवळाची ओवरी किंवा ओळखीच्या गृहस्थाच्या माडीवरचा कोपरा मिळे. उरे तो दोन वेळच्या अन्नाचा प्रश्न. खानावळीचे दरमहा पैसे भरण्याची ऐपत असती, तर घर सोडून इतक्या हालांत राहण्याची पाळीच आली नसती.

मग मुलगा सात घरें शोधी. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं, असा त्याचा आठवडा लागे. ज्या घरीं ज्या वाराला तो जेवी, तें घर त्या वाराचें. सातही वार लागणें हें मोठें भाग्य समजलें जाई. बहुतेकांचे चार किंवा पांचच वार लागत. बाकीचे दिवस मूठभर चुरमुऱ्यांवर, भिजविलेल्या डाळीवर अथवा नुसत्या पाण्यावर काढावे लागत. यजमान परगांवीं गेले, घरांत सोयर-सुतक आलें, कोणी आजारी पडलें, कीं त्या दिवशींचा वार चुके. दार बंद पाहून मुकाट्यानें परत फिरणाऱ्या मुलाला दुसऱ्या घरीं आगंतुकपणें जाण्याची सोय नसे, कारण तिथें त्याचा वार निराळा असे.

वार आणि माधुकरी यांत फरक आहे. माधुकरी मागणारा विद्यार्थी झोळी घेऊन पांच-सात दारीं उभा राही, आणि प्रत्येक घरचें थोडें थोडें अन्न एकत्र करून जेवी. तिच्यामागें भिक्षाव्रताची जुनी परंपरा होती. वाराच्या मुलाला मात्र घरांत पाट मिळे. तो घरच्या पंगतींत बसे, घरच्या मुलांची नांवें त्याला माहीत असत, आणि घरांत लग्नकार्य निघालें कीं पाणी भरण्यापासून पानें मांडण्यापर्यंत तो राबे. हा पाट त्याला घरचाही करी आणि परकाही ठेवी. भूक असतांना ‘आणखी भात हवा’ असें म्हणावें कीं न म्हणावें, हा प्रश्न दर वाराला त्याच्यापुढें उभा असे. ज्यांनीं असे दिवस काढले, त्यांना पुढें सुस्थिति आल्यावरही पानांत अन्न टाकणें कधीं जमलें नाहीं, असें अनेक कुटुंबांतून ऐकूं येतें.

घेणाऱ्याची चिकाटी

या काळांतल्या विद्यार्थ्यांच्या हालअपेष्टा आपण थोरांच्या चरित्रांतून वाचलेल्या असतात. कऱ्हाडजवळील टेंभू गांवीं १८५६ सालीं जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर शिक्षणासाठीं कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे फिरत राहिले. पोटासाठीं त्यांनीं मिळेल तें काम पत्करलें. दवाखान्यांत कंपाउंडरकी केली. पदवी जवळ आली तेव्हां त्यांनीं आईला कळविलें, कीं मुलगा मोठ्या पगाराचा अधिकारी होईल अशी आशा धरूं नये. पोटापुरत्या पैशांवर संतोष मानून उरलेला वेळ लोकांच्या कामीं लावण्याचा आपला निश्चय आहे. १८९५ सालीं, चाळिशीच्या आंतच, त्यांचा अंत झाला. पण तो निश्चय शेवटपर्यंत मोडला नाहीं.

धोंडो केशव कर्वे यांची हकीकत तशीच आहे. मुरूडचा हा मुलगा सरकारी परीक्षेला बसण्यासाठीं १८७५ सालीं सोबत्यांसह सह्याद्रि ओलांडून साताऱ्यास पायीं गेला. शंभर मैलांहून अधिक वाट, पावसाळी हवा, आणि पाठीवर बोचकें. साताऱ्यास पोहोंचल्यावर परीक्षाधिकाऱ्यांनीं त्याच्या किरकोळ अंगकाठीकडे पाहून, हा सतरा वर्षांचा दिसत नाहीं म्हणून त्याला परत लाविलें. तो परतला, आणि पुढें पुन्हां अभ्यासाला लागला. हाच मुलगा पुढें फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचा प्राध्यापक झाला, आणि १९५८ सालीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं, भारतरत्न या पदवीचा मानकरी ठरला.

अशा कथा वाचून आपण मुलांना म्हणतों, ‘बघा, यांनीं किती कष्ट केले!’ हें म्हणणें योग्यच आहे. परंतु तेवढ्यावर थांबलें म्हणजे कथेचा अर्धाच भाग सांगितल्यासारखें होतें. कष्ट करणारा मुलगा एकट्यानें कष्ट करीत नसतो. त्याच्यामागें कोणी तरी आपला घांस कमी केलेला असतो, आणि त्या घांसाची नोंद चरित्रकाराच्या हातीं फारशी लागत नाहीं.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचेंच उदाहरण घ्या. १८७९ सालीं वडील वारले, तेव्हां गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधु गोविंदराव यांनीं स्वतःचें शिक्षण सोडून कागल येथें पंधरा रुपये पगाराची नोकरी धरिली, आणि त्यांतले आठ रुपये ते दरमहा कोल्हापूरला शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवूं लागले. म्हणजे उरलेल्या सात रुपयांत सगळा संसार चालला. गोपाळरावांच्या काटकसरीच्या गोष्टी आपल्याला पाठ आहेत. परंतु त्या सात रुपयांत महिनाअखेरीस डाळ-तांदुळाचा मेळ घालणाऱ्या घरच्या बायकांची गोष्ट कोणी सांगत नाहीं. आठ रुपये पाठविणें हें एकदांचें औदार्य नव्हतें. तें दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत नव्यानें करावें लागणारें औदार्य होतें. १८८४ सालीं गोखले बी. ए. झाले. तोंपर्यंत ज्या घरानें हा नेम मोडूं दिला नाहीं, त्या घराची चिकाटी रात्र रात्र जागून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षां उणी कशी म्हणावी?

वाढणारीची चिकाटी

वाराच्या बाबतींत हाच विचार आणखी पुढें नेतां येतो. वार लागला, कीं पुण्य यजमानाच्या नांवावर जमा होई. ‘रावसाहेबांच्या घरीं चार विद्यार्थ्यांचे वार आहेत’ असें लोक म्हणत. पण चुलीपुढें रावसाहेब बसत नसत. एकत्र कुटुंबांत अगोदरच वीस-पंचवीस पानें. त्यांत सोवळ्याचा स्वयंपाक, लाकडांचा धूर, विहिरीचें पाणी, जात्यावरचें दळण. त्यांत आणखी एक ताट म्हणजे आणखी मूठभर तांदूळ वैरणें एवढेंच काम नसे. पंगती उठल्यावर सर्वांच्या शेवटीं ज्या सुना जेवावयास बसत, त्यांच्या वांट्याची भाजी तेवढी कमी होई. पंक्तींत वाढतांना आमटी पातळ झाली, तर ती कोणाच्या पानांत अधिक पातळ पडली हें सांगावयास नको.

एखाद्या सणाच्या दिवशीं गोरगरिबांना जेवूं घालणें सोपें असतें. उत्साह असतो, घर सजलेलें असतें, चार लोक पाहात असतात. वाराच्या दयेला उत्साहाचा आधार नसे. घरांत भांडण झालेलें असो, मूल तापानें फणफणलेलें असो, यजमानाची नोकरी सुटण्याच्या बेतांत असो, बुधवार उजाडला कीं बुधवारचा मुलगा दारांत उभा राहणारच. त्या दिवशीं ज्या बाईनें कपाळावरची आठी पुसून ‘ये, हातपाय धू’ म्हटलें, तिनें केलेली गोष्ट लहान नव्हती. दयेलाही चिकाटी लागते. किंबहुना चिकाटी नसलेली दया ही पुष्कळदां आपल्याच मनाच्या समाधानासाठीं केलेली असते. तिच्या भरंवशावर कोणाला वर्षभराचा अभ्यास मांडतां येत नाहीं.

दुसरी एक गोष्ट त्या वाढणाऱ्या हातांना ठाऊक होती. वाढण्याच्या दोन तऱ्हा असतात. एका तऱ्हेनें वाढलें, कीं जेवणारा मान वर करूं शकत नाहीं. दुसऱ्या तऱ्हेनें वाढलें, कीं आपण उपकाराचें खात आहों हें तो घटकाभर विसरतो. ‘तुझ्यासाठीं ठेवलें आहे’ आणि ‘उरलें होतें’ या दोन वाक्यांतलें अंतर उपाशी मुलाला जितकें कळतें, तितकें पोट भरलेल्याला कळत नाहीं. शहाणी गृहिणी त्या मुलाकडून देवाचीं फुलें आणवी, एखादें पत्र वाचवून घेई, धाकट्या मुलांचे पाढे त्याच्याकडून म्हणवून घेई. यांत कामाची हांव नसे. आपण फुकटचें खात नाहीं, असें त्या मुलाला वाटावें यासाठीं ती युक्ति असे. अर्थात् सगळींच घरें अशीं नव्हतीं. वाराच्या मुलाला गड्यासारखें राबविणारीं, शिळें तेवढें त्याच्या पानांत टाकणारीं, येतां-जातां त्याच्या दारिद्र्याचा उल्लेख करणारीं घरेंही होतीं. एकाच पद्धतींतून एका मुलाच्या मनांत कृतज्ञता आणि दुसऱ्याच्या मनांत कायमचा कडवटपणा कां उतरला, याचें उत्तर पानांतल्या पदार्थांत नसून वाढणाऱ्याच्या शब्दांत सांपडतें.

उंबरठ्याबाहेर राहिलेलीं मुलें

या पद्धतीचें कौतुक करतांना तिची एक बाजू झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. वार लागे तो आपल्या जातीच्या मुलाला. ब्राह्मणाच्या घरीं ब्राह्मणाचा मुलगा पंगतीला बसे; त्याच गांवांत, त्याच शाळेंत शिकूं पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या, कारागिराच्या, अस्पृश्य मानलेल्या कुटुंबांतल्या मुलाला त्या पाटावर जागा नव्हती. मुलींच्या शिक्षणासाठीं कोणी वार लावल्याचें तर ऐकिवांतही नाहीं. आणि जी बालविधवा त्याच घराच्या माजघरांत राबत होती, तिच्या शिक्षणाचा प्रश्नही कोणाच्या मनाला शिवत नसे. दयेचा झरा खरा होता, परंतु तो उंबरठ्याशीं येऊन थांबत असे. म्हणून ज्यांनीं तो उंबरठ्याबाहेर नेला, त्यांच्या चिकाटीची जात निराळी म्हणावी लागते.

कर्व्यांनीं १८९३ सालीं, पहिल्या पत्नीच्या निधनानंतर, गोदूबाई या विधवेशीं पुनर्विवाह केला. त्यांच्या मुरूड गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. १८९६ सालीं त्यांनीं पुण्यांत अनाथ बालिकाश्रम काढला, आणि १९०० सालीं, प्लेगच्या दिवसांत, तो गांवाबाहेर हिंगण्यास नेला. तेथें आरंभीं होती एक झोंपडी. कर्वे दिवसा कॉलेजांत गणित शिकवीत, आणि संध्याकाळीं आश्रमाला लागणारें सामान घेऊन चिखलांतून, काळोखांतून चार मैल चालत हिंगण्यास जात. तेथें मुलींना शिकवून रात्र काढीत, आणि सकाळीं पुन्हां शहराची वाट धरीत. हें त्यांनीं एक-दोन दिवस केलें नाहीं. वाराच्या घरांनीं जो नेम एका मुलासाठीं पाळला, तोच नेम या एका माणसानें अनेक अनाथ मुलींसाठीं पाळला.

त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांची कथा आपल्या घरांतल्या मुलींनीं अवश्य वाचावी. विसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना वैधव्य आलें. पदरीं लहान मूल होतें. वाचन-लेखन त्या मोठेपणीं शिकल्या, आश्रमाच्या कामांत पडल्या, आणि आश्रमासाठीं वर्गणी गोळा करीत गांवोगांव फिरल्या. दारीं आलेल्याला चार पैसे देणें आपण समजूं शकतों. परंतु नकार, टवाळी आणि उपदेश ऐकून पुन्हां पुढच्या दारीं जाणें ही कसोटी कांहीं वेगळीच. १९१८ सालीं, इंग्रजी भाषा धड येत नसतांना, त्या अमेरिकेस गेल्या. तेथें लोकांच्या घरचें घरकाम करून त्यांनीं दिवस काढले, भाषा शिकल्या, संस्थेसाठीं पैसा जमविला, आणि १९२० सालीं परतल्या. त्यांचें ‘माझी कहाणी’ हें आत्मचरित्र १९२८ सालचें आहे.

लक्ष्मीबाईंचें सौभाग्यलेणें

ज्या मुलांना कोणत्याच घरीं वार लागण्याचा संभव नव्हता, त्यांच्यासाठीं विद्यार्थिवसतिगृह हीच एक वाट होती. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहांना उत्तेजन दिलें. पुण्यांत १९०९ सालीं अनाथ विद्यार्थी गृह निघालें, आणि एकाकी मुलांची सोय अधिक पद्धतशीर झाली. तेंच आज पुणें विद्यार्थी गृह या नांवानें ओळखलें जातें. याच वाटेवर पुढें भाऊराव पाटील यांनीं पाऊल टाकलें. त्यांनीं १९१९ सालीं कऱ्हाड तालुक्यांतील कालें येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ सालीं सातारा येथें सर्व जातींच्या मुलांचें एकत्र वसतिगृह काढलें. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या उपस्थितींत त्याला छत्रपति शाहू महाराजांचें नांव देण्यांत आलें.

या वसतिगृहाची हकीकत बहुधा भाऊरावांच्या नांवानें सांगितली जाते. परंतु तिचें मर्म त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यापाशीं आहे. त्या सोवळें-ओवळें कडक पाळणाऱ्या, सुखवस्तु जैन घराण्यांतल्या. लहानपणापासून ज्या बाईनें स्वयंपाकघराचें पावित्र्य जातीच्या नियमांनीं मोजलें, तिच्यापुढें एके दिवशीं पतीनें सर्व जातींचीं मुलें आणून बसविलीं. मनांतून ही गोष्ट पटावयास किती दिवस लागले असतील, याची कल्पना आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांना चांगली करतां येईल. पण लक्ष्मीबाईंनीं त्या मुलांना पोटचीं मानलें. त्यांचें अन्न, त्यांचे कपडे, त्यांचीं दुखणीं आपल्या अंगावर घेतलीं.

पैसा संपला कीं त्यांच्या अंगावरचा एक एक दागिना जाई. भाऊराव वर्गणीसाठीं बाहेरगांवीं असत, आणि इकडे कोठींत धान्य नसे. असें करतां करतां माहेरचे सारे दागिने गेले, आणि शेवटीं मुलांना जेवूं घालण्यासाठीं गळ्यांतलें मंगळसूत्रही त्यांनीं दिलें. सौभाग्यवतीच्या मनांत त्या काळीं मंगळसूत्राचें स्थान काय होतें, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. पति हयात असतांना तें गळ्यांतून काढणें हें अशुभ, हा संस्कार रक्तांत भिनलेला. तरीही भुकेलेल्या मुलांचा शब्द त्या संस्काराहून मोठा ठरला. १९३० सालीं लक्ष्मीबाईंचें निधन झालें. संस्थेची पुढची भरभराट पाहण्याचें सुख त्यांना लाभलें नाहीं. भाऊराव १९५९ पर्यंत होते. त्यांच्या हयातींतच संस्थेच्या शाळा खेडोपाडीं पसरल्या, आणि ‘कमवा आणि शिका’ या मार्गानें हजारों मुलांना आपल्या श्रमांवर शिकतां आलें.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. सौभाग्यलेणें देण्याचा तो एक क्षण आपल्या डोळ्यांपुढें ठळक उभा राहतो, म्हणून आपण त्याचीच गोष्ट सांगतों. पण त्या क्षणाच्या आधीं किती सकाळीं लक्ष्मीबाई पहांटे उठून चुलीपुढें बसल्या असतील! मंगळसूत्र एकदांच देतां येतें. भाकरी रोज भाजावी लागते. रोज भाकरी भाजणाऱ्या हातांनाच तें एकदांचें देणें शक्य झालें, असें आम्हांस वाटतें. मोठा त्याग आभाळांतून पडत नाहीं. लहान लहान नेमांनीं मनाला त्याची संवय झालेली असते.

आजचा रिकामा वार

आतां कोणी म्हणेल, कीं हा सारा गेल्या शतकाचा इतिहास झाला. आज शिष्यवृत्त्या आहेत, वसतिगृहें आहेत, खानावळी आहेत. हें खरें आहे, आणि तें इष्टही आहे. शिक्षणासारखी गोष्ट कोणाच्या मर्जीवर अवलंबून न राहतां हक्कानें मिळावी, यांतच समाजाची प्रगति आहे. १९५५ सालीं डॉ. अच्युतराव आपटे यांनीं पुण्यांत विद्यार्थी साहाय्यक समिति काढली. खेड्यांतल्या गरीब, होतकरू मुलांची सोय पाहणाऱ्या अशा संस्था वाराच्या पद्धतीपेक्षां कितीतरी अधिक न्यायाच्या आहेत, कारण त्या मुलाची जात पाहून पाट मांडीत नाहींत.

तथापि पुण्याच्या सदाशिव पेठेंत आजही खेड्यापाड्यांतून आलेलीं मुलें व मुली स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करीत वर्षानुवर्षें राहतात. एका खोलीत चौघे-पांचजण, अभ्यासिकेंतली एक खुर्ची, आणि दोन वेळच्या खानावळीचा हिशेब. बापाची शेती पावसावर. निकाल लागला नाहीं म्हणून गांवीं तोंड दाखविण्याची लाज. बहुतेक खानावळी रविवारीं संध्याकाळीं बंद असतात. तो त्यांचा आजचा रिकामा वार. २०२० सालीं महामारीमुळें टाळेबंदी झाली आणि खानावळी एकाएकीं बंद पडल्या, तेव्हां शहरांत अडकलेल्या विद्यार्थ्यांचे जे हाल झाले ते आपण पाहिले आहेत. आणि शेजारच्या बिऱ्हाडांतून त्यांच्यासाठीं डबे गेले, तेंही पाहिलें आहे. संकट ओसरलें आणि बहुतेक डबेही थांबले. उत्साहाची दया आणि नेमाची दया यांतला फरक तो हाच.

आपल्या घरांत आज पूर्वींइतकी दगदग नाहीं. चुलीचा धूर गेला, जातें गेलें, पाणी नळाला आलें. मग एका घरानें एका विद्यार्थ्याला अथवा विद्यार्थिनीला रविवारची संध्याकाळ द्यावयास काय हरकत आहे? मात्र ती देतांना जुन्या पद्धतींतलें चांगलें घ्यावें आणि उणें टाकावें. जात विचारूं नये. मुलींना विसरूं नये. कामाला जुंपूं नये, पण घरच्यासारखें एखादें काम सांगावें. परीक्षेचा निकाल काय लागला हें पानावर बसतांना विचारूं नये. त्यानें सांगितला तर ऐकावा. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, हें काम घरांतल्या एकट्या सुनेवर ढकलूं नये. ज्यानें निमंत्रण द्यावें, त्यानेंच त्या दिवशीं पानें मांडावींत, वाढावें आणि भांडींही आवरावींत. पुण्य एकाचें आणि श्रम दुसरीचे, ही जुनी वांटणी आतां पुरे झाली.

ज्यांना विद्यार्थी जेवूं घालण्याची सोय नाहीं, त्यांच्यासाठीं दुसरे वार आहेत. शेजारीं एकटे राहणारे वृद्ध गृहस्थ असतात, ज्यांचीं मुलें परदेशांत आहेत. त्यांच्याकडे दर गुरुवारीं अर्धा तास बसावें. घरकामाला येणाऱ्या बाईची मुलगी दहावीला असते. तिला दर शनिवारीं गणित शिकवावें. लांबच्या नात्यांतलें कोणी दीर्घ आजारानें अंथरुणाला खिळलेलें असतें, आणि त्याची शुश्रूषा करणारी बाई महिनोन्महिने घराबाहेर पडलेली नसते. महिन्यांतून एक दिवस आपण तिथें जाऊन तिला मोकळें करावें. यांपैकीं एकही गोष्ट मोठी नाहीं. अट इतकीच, कीं वार ठरवावा आणि तो चुकवूं नये.

दुःखांत असलेला माणूस जगाकडून फार मोठी अपेक्षा करीत नाहीं. त्याला आठवड्यांतला एक दिवस असा हवा असतो, कीं ज्या दिवशीं दार उघडें असेल हें त्याला ठाऊक आहे. तेवढ्या भरंवशावर तो बाकीचे सहा दिवस तग धरतो. वाराच्या मुलांनीं अशाच भरंवशावर परीक्षा दिल्या, आणि पुढें त्यांच्यापैकीं कित्येकांनीं स्वतःचें बिऱ्हाड थाटल्यावर पहिला पाट दुसऱ्या कोण्या मुलासाठीं मांडला. ज्यांनीं वाढलें त्यांचें ऋण त्यांना फेडतां आलें नव्हतें. तें पुढच्याला देऊन टाकणें एवढेंच त्यांच्या हातीं होतें. आपणां सर्वांच्या घरीं, दोन-तीन पिढ्या मागें शोधलें तर, अशा एखाद्या पाटाचें ऋण निघेल. येत्या रविवारीं वडीलधाऱ्यांना तें विचारावें, आणि विचारून झाल्यावर एक पाट अधिक मांडावा.